रेझोल्यूट ते ग्रीस फियॉर्ड, ३८५ किलोमीटरचा हवाई प्रवास

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊया, पार कॅनडाच्या उत्तर टोकाला, नुनावुटमधे. तिथे रेझोल्यूट बे आणि ग्रीस फियॉर्ड अशी दोन छोटी गावं आहेत, दोन्हीकडे विमानतळ आहे. भिंतीवरच्या नकाशात बघाल तर दोन गावांमधे केवढं तरी अंतर वाटतं, पण सरळ रेषेत ते साधारण ३८५ किलोमीटर भरतं, म्हणजे मुंबई-गोवा विमानापेक्षाही थोडं कमीच. कारण बघा, दोघांच्या रेखांशात १२ अंशांचा फरक आहे, विषुववृत्तावर एवढ्यालाच १३०० किलोमीटरच्या वर अंतर झालं असतं, पण उत्तरेकडे रेखांश जवळजवळ येत जातात आणि ७५-७६ अंशांवर एक अंश जेमतेम २८ किलोमीटरचा उरतो. नकाशा मात्र सगळ्या रेषा समांतर काढतो, म्हणून फसायला होतं.

आता वेळेचं बोलू. जेट विमान हे अंतर पाऊण तासात कापेल, पण ग्रीस फियॉर्डला उतरणार कुठे? तिथला रनवे खडीचा, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, बाजूला डोंगर आणि समोर समुद्र. त्यामुळे तिथे जातं ते ट्विन ऑटर, दोन पंख्यांचं छोटं विमान, १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं, थोड्याशा जागेत उतरणारं. ते घेतं दीड तासाच्या आसपास. अर्थात हवा चांगली असेल तर. वारा वाढला, धुकं आलं की फ्लाइट रद्द, आणि फ्लाइट्स आठवड्यात मोजक्याच, त्यामुळे दीड तासाच्या प्रवासाला चार दिवस लागले तरी तिथल्या कुणाला नवल वाटत नाही. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तर सूर्यच उगवत नाही.

अजून एक गोष्ट मला फार भारी वाटते. चुंबकीय ध्रुवाच्या इतक्या जवळ होकायंत्रावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून रनवेचे नंबर, जे त्याची दिशा सांगतात आणि एरवी होकायंत्रावरून ठरतात, त्या भागात खऱ्या म्हणजे भौगोलिक उत्तरेवरून देतात.

पण हे सगळं सांगायचं कारण तिथली माणसं. १९५३ आणि १९५५ मधे कॅनडा सरकारने इनुइट, म्हणजे उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या, कुटुंबांना क्वेबेकमधल्या इनुकजुआकहून जवळपास २००० किलोमीटर उत्तरेला या दोन ठिकाणी आणून वसवलं, शिकार भरपूर मिळेल म्हणून सांगितलं आणि त्यांचे अतोनात हाल झाले. त्याची अधिकृत माफी मागितली २०१० मधे, इतक्या वर्षांनी! आज ग्रीस फियॉर्डला दीडशेच्या आत माणसं राहतात. बाहेरून येणारा रस्ता नाही, मालाचं जहाज फक्त उन्हाळ्यात. आणि मोठं हॉस्पिटल नुनावुटच्या राजधानीत, इकालुइटला, म्हणजे आधी हे ३८५ किलोमीटर, मग रेझोल्यूटहून पुढे आणखी सुमारे १५७५. एखाद्या बाईला बाळंतपणासाठी जायचं असेल तर तिला दिवस भरायच्या कितीतरी आधीच घर सोडून तिकडे जाऊन राहावं लागतं, कारण ऐन वेळी विमान येईलच असं कुणी सांगू शकत नाही.