गिरगावचे गायतोंडे, गुगनहाइममध्ये

नमस्कार मंडळी. आरती झालीय, जेवणाचा वास सुटलाय, आणि मी उभा आहे चित्रकलेवर बोलायला! लवकर आवरतो.

२०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन भरलं. मी गेलो तो बायकोच्या आग्रहाखातर. पहिल्याच कॅनव्हाससमोर माझा चेहरा कोरा. यात बघायचं काय?

गायतोंडे मूळचे गोव्याचे, जन्म १९२४ चा नागपूरचा, वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेतला. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना पटत नसे. ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. म्हणजे डोंगराचा डोंगरपणा पुसत नेऊन काढलेलं चित्र नव्हे. इथे मुळात डोंगरच नाही. हे कळल्यावर माझी निम्मी शोधाशोध थांबली.

काम करायची त्यांची रीत मला फार आवडते. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंगाची बोथट सुरी, जास्त. रंग चढवायचा, खरवडायचा, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे. जे उरेल त्यातून खालचा थर आतून उजळल्यासारखा दिसतो. वर्षाकाठी चित्रं जेमतेम पाच-सहा. बाकीचा वेळ? बसून विचार. आपल्या घरात असा माणूस असता तर आपण त्याला आळशीच म्हटलं असतं!

१९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला आले आणि प्रसिद्ध अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथकोंना भेटले. त्यावरून त्यांना ‘भारताचे रॉथको’ म्हणतात, ते मला खटकतं. आकृती सोडून ते इथे यायच्या आधीच पुढे गेले होते. झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या विचाराची ओढही जुनीच.

१९७२ च्या सुमारास ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमध्ये भाड्याच्या लहानशा जागेत राहिले. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास बरीच वर्षं बंद पडले, तेव्हा कागदावर शाईची छोटी रेखाटनं केली. २००१ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटींच्या वर विकलं गेलं. आकडा ऐकून हॉलमध्ये आत्ता जी कुजबुज झाली, ती चित्रांबद्दल कधी होत नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, एकटाच. एका चित्रासमोर इतका वेळ उभा राहिलो, की तिथला रखवालदार दोनदा येऊन बघून गेला.