उचलता येईल तोच सोबती

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘रानवाटांसाठी कुत्र्याची निवड आणि त्याच्यासोबतची भटकंती’. त्याकडे येतोच. त्याआधी ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी हात वर करा बघू. वा, निम्मं सभागृह! आता ज्यांनी आपल्या कुत्र्याला उचलून शंभर पावलं चालून पाहिलंय, त्यांनीच हात वर ठेवा. तीन. नाही, चार. मागच्या रांगेतल्या ताईंच्या तर तो आत्ताही मांडीवर आहे.

मला आज खाली गेलेल्या हातांशीच बोलायचं आहे.

माझा पहिला डोंगरसोबती गजा. वजन ३८ किलो. पिल्लू देणाऱ्याने सांगितलं होतं, रानात हिंडायचं तर कुत्रा धिप्पाडच हवा. हे वाक्य मी आजही दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी मला गजाची ती संध्याकाळ आठवते. चार वर्षं तो माझ्यापुढे चालला. पाचव्या वर्षी, कड्याखालच्या घसाऱ्यावर, दगडाच्या धारेने त्याच्या पुढच्या पंजाची गादी कापली गेली. मी पट्टी बांधली, ती रक्ताने भिजली, सुटली. वीसेक पावलं लंगडत आला आणि बसला तो बसलाच. गाडी अडीच तासांच्या उतारावर होती.

मेंढपाळ कोकरू घेतो तसा मी त्याला मानेवर घेतला. सपाटीवर ते जमतं. पण उतारावर त्याच्या अंगाआड पुढचा दगडच दिसत नाही. आणि हे ओझं पोत्यासारखं पडून राहत नाही. ते धापा टाकतं, वळतं, दुखलं की पाय झाडतं. एकदा पाय घसरून मी बसलो, त्याचा पंजा दाबला गेला आणि त्याने माझं मनगट फोडलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याचा काहीच दोष नव्हता. (जखमी कुत्र्याला उचलण्याआधी तोंडाला सैलसर पट्टी बांधावी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मात्र तो जोरात धापा टाकत असेल किंवा ओकत असेल, तर ती मुळीच बांधू नका. कुत्र्याचं अंग प्रामुख्याने धापांनीच थंड होतं.) दिवस मावळला तरी आम्ही निम्म्या वाटेवरही नव्हतो. सुदैवाने खालून तिघे आले. चादरीची झोळी केली आणि आळीपाळीने त्याला वाहून रात्री साडेनऊला गाडीपाशी आणलं. ते तिघे आले नसते तर मला दोनच वाटा होत्या. रात्रभर तिथे बसायचं, नाहीतर रक्ताचा वास येणाऱ्या कुत्र्याला एकटं सोडून मदत आणायला जायचं. दुसऱ्या वाटेचा विचार मला आजही करवत नाही.

गजा पुढे बरा झाला, खूप जगला. पण माझा नियम त्या रात्री ठरला: जेवढा एकट्याने खाली आणता येईल, तेवढाच कुत्रा रानात न्यायचा.

जुलै २०२० मध्ये इंग्लंडच्या सर्वांत उंच डोंगरावर, स्काफेल पाइकवर, ५५ किलोची एक सेंट बर्नार्ड कुत्री उतरताना खाली बसली, ती उठेना. तिला आणायला बचावपथकाचे १६ जण आणि जवळपास पाच तास लागले. लोक म्हणतात, पण सेंट बर्नार्ड तर डोंगरातलीच जात ना? हो. पण त्या जातीतला सर्वांत नावाजलेला बॅरी आठवा. १८०० साली जन्मला, आल्प्सच्या खिंडीतल्या मठात राहिला, चाळीसहून अधिक जीव वाचवल्याचं त्याच्या नावावर आहे. त्याचं वजन ४०-४५ किलोच असावं असं मानतात. आजचे सेंट बर्नार्ड ६५-७० च्या पुढे जातात. शिवाय बॅरीच्या पाठीशी मठभर माणसं होती. बर्फात गाडी ओढणारा सायबेरियन हस्की घ्या. नरसुद्धा २०-२७ किलोंचा.

अंग मोठं झालं की ते पेलणं जड का जातं, याचं कारण गॅलिलिओने १६३८ सालीच सांगून ठेवलंय. लहान कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे बहुधा पाठीवर वाहील, पण घोड्याला स्वतःएवढा एक घोडाही पेलणार नाही. उंची दुप्पट झाली की हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. उतारावर ते वजन पुढच्या पायांवर येतं. आणि कातडी वजनाच्या मानाने कमी पडते, म्हणून मोठा कुत्रा लवकर तापतो आणि हळू निवतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, निवड.

लहान घेतला की प्रश्न सुटला असं नाही. पाच किलोंच्या कुत्र्यावर मोठा शिकारी पक्षी झडप घालू शकतो. दवाळ गवतात त्याचं पोट भिजतं आणि तो लवकर गारठतो. तुमच्या एका ढांगेला त्याची कितीतरी पावलं पडतात. चपट्या नाकाचे, पग, बुलडॉग, यांना उन्हाच्या चढावर नेऊच नका. माझं मत विचाराल तर १२ ते २० किलो, लांब नाक, उंच पाय, आखूड केस. अशी सरमिसळ जातीची पिल्लं दत्तक घरांतून भरपूर मिळतात.

वय: लहान चणीच्यांची हाडं आठ-दहा महिन्यांत पक्की होतात, थोराडांना दीड वर्ष, कधी जास्तही लागतं. तोवर लांब चाल नको.

पाणी: नुसतं बसून असलेल्या कुत्र्यालाही दिवसाला किलोमागे ५०-६० मिली लागतं. चालताना त्याहून पुष्कळ. ४० किलोंच्या कुत्र्याचं दोन लिटर तुमच्याच पाठीवर येतं, हे धरून चाला. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना चालण्याच्या आधी-नंतर लगेच पोटभर खायला घालू नका, पोटाला पीळ पडून तासाभरात जीव धोक्यात येतो.

पट्टा दोन मीटरचा. मोकळा कुत्रा रानडुकराला छेडतो आणि त्याला मागे घेऊन तुमच्याकडेच पळत येतो. पाठीवर मूठ असलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घ्या. संध्याकाळी कानामागे, काखेत, बोटांमध्ये गोचीड शोधा.

लहान-मोठे दोघे सोबत असतील तर वेग लहानाचा, विसावा मोठ्याच्या धापेचा. याच्यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

माझी कुत्री लवंगी बाहेर व्हरांड्यात आहे, साडेतेरा किलो. ज्यांचे हात खाली गेले त्यांनी तिला उचलून जिना चढून-उतरून पाहा. आधी हात हुंगू द्या, मग एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागे. तिला सवय आहे.