उताराचा प्लॉट जुलैत बघावा

श्रोतेहो, नमस्कार.

रत्नागिरी, चिपळूण, लांजा, कुठेही जा, गावाजवळच्या सपाट जागा बहुतेक बांधून झाल्या आहेत. आता सहा-आठ बिऱ्हाडांची छोटी इमारत बांधायची म्हटली, की वाट्याला येतो तो उताराचा प्लॉट. इमारतीचा नकाशा काढून घ्यायला लोक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, यात किती फ्लॅट बसतील? मी विचारतो, जागा कुठल्या महिन्यात पाहिलीत? बहुतेकांनी ती मे महिन्यात पाहिलेली असते, मुंबईची मंडळी सुट्टीवर आली असताना. तेव्हा जमीन ठणठणीत कोरडी असते.

नव्यानेच काम सुरू केलं होतं, तेव्हा मीही अशीच एक जागा मे महिन्यात पाहिली. वर कडक जांभा. नकाशा काढला, जेसीबीने मागची बाजू उभी कापली. जुलैत त्या कापलेल्या भिंतीतून छातीच्या उंचीवर पाणी वाहायला लागलं आणि ते गणपतीपर्यंत थांबलं नाही. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यातून खाली झिरपतो, पण त्याच्या तळाशी बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळी चिकट माती असते. तिथे पाणी अडतं आणि तिच्या अंगावरून उताराकडे सरकत राहतं. नेमकी तीच पातळी आम्ही उघडी केली होती. भिंतीचं डिझाइन नव्याने करावं लागलं, खांब सरकवावे लागले, मालकाचं एक वर्ष गेलं. त्या नकाशावर सही माझी होती, आणि ते मला अजून बोचतं.

म्हणून पहिला नकाशा पाण्याचा हवा. प्लॉटच्या हद्दीपाशी थांबू नका, वर शंभर-दीडशे मीटर चढा. वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आहे का, कातळावरचं पाणी कुठून उतरतं, कुणी पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळ, बुजवला आहे का, हे बघा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाझर कुठे फुटतो ते त्यांना ठाऊक असतं. मग उंचीतल्या दर अर्ध्या मीटरला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दाखवणारा सर्व्हे करून घ्या आणि निदान तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घ्या: वर, मध्ये, खाली. वरच्या खड्ड्यात लागलेला जांभा खालच्या खड्ड्यातही लागेल, असं गृहीत धरू नका.

आता एक हिशेब करू. समजा प्लॉट २० मीटर रुंद, ३० मीटर खोल आहे आणि वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत जमीन ५ मीटर उतरते. म्हणजे उतार एकास सहा. सगळी जागा खालच्या पातळीला सपाट करायची, तर सुमारे १५०० घनमीटर, म्हणजे ५३० ब्रास माती काढावी लागते, आणि वरच्या शेजाऱ्याच्या हद्दीला ५ मीटरचा कडा उभा राहतो. अर्धी कापून अर्धी भरली, तर १३२ ब्रास. आणि पायरीसारखे दोन टप्पे करून प्रत्येक टप्पा तसाच अर्धा कापून अर्धा भरला, तर फक्त ६६ ब्रास. शिवाय दोन्ही हद्दींवरच्या भिंती सव्वा-सव्वा मीटरच्या राहतात. मधली अडीच मीटरची पायरी इमारतीच्याच पोटात जाते. ती थोडी वाढवली की एका मजल्याची उंची मिळते. वर रस्ता असेल तर माणूस मधल्याच मजल्यावर शिरतो, आणि कुणालाच फार जिने चढावे लागत नाहीत. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी हे फार मोलाचं आहे.

संरक्षक भिंत उंचीला दुप्पट केली, की मातीचा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. मागे पाणी तुंबलं तर त्याचा रेटा वेगळाच. आपल्या जुन्या आवारातले जांभ्याचे गडगे पाहा. चुना नाही, सिमेंट नाही, सांधे मोकळे. गडगा माती धरतो आणि पाणी सोडतो. काँक्रीटच्या भिंतीला ते काम शिकवावं लागतं: मागे खडीचा थर, तळाला पाइप, अंगात जागोजागी भोकं. खर्च कमी करताना लोक नेमकं हेच गाळतात, याचं मला वाईट वाटतं.

खांबांबद्दलही बोलायला हवं. उतारावर वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालचे लांब होतात. उंची निम्मी झाली की खांब आठपट ताठ होतो, आणि भूकंपात धक्क्याचा मोठा वाटा त्या आखूड खांबांवर येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण चिपळूणकरांना द्यायला नको. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्या बैठकीलाच बोलवा, नकाशा ठरल्यावर नव्हे.

सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा भिंतीच्या वरच्या अंगाला कधीही घेऊ नका. तो भिंतीमागची माती भिजवत राहतो. आणि खाली कुणाची विहीर आहे हे बघितल्याशिवाय त्याची जागा ठरवू नका. जांभ्यातून सांडपाणी लवकर खाली पोचतं. ते पाणी कुणीतरी पिणार असतं. गाडीचा रॅम्प एकास आठपेक्षा उभा नको, शेवाळलेल्या रॅम्पवर स्कूटर घसरते. गच्चीचंही बघा: २०० चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, की २० हजार लिटर पाणी होतं. आपल्याकडे असे दिवस दर पावसाळ्यात येतात. ते पाणी खालच्या घराच्या अंगणात सोडता येणार नाही, त्याची वाट आधीच आखावी लागेल.

आर्द्रा नक्षत्र लागलं आहे. ज्यांनी अशी जागा घेतली आहे किंवा घ्यायची आहे, त्यांनी या दोन महिन्यांत चार-पाच वेळा, पाऊस कोसळत असताना तिथे जाऊन यावं. सोबत लाकडी खुंट्या न्याव्यात. जिथे पाणी वर येताना दिसेल, जिथे पाय रुतेल, तिथे एकेक खुंटी ठोकून ठेवावी. दसऱ्यानंतर गवत वाळलं की सर्व्हे करणाऱ्याला सांगावं, आधी या खुंट्या नकाशात घे.

नमस्कार.