लांबीखालची फियाट

नमस्कार मंडळी. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा खिशात एक लोहचुंबक असू द्या. तो पातळ फडक्यात गुंडाळून मडगार्डवरून, दरवाजांच्या खालच्या कडेवरून फिरवा. पत्रा असेल तिथे तो धरून बसतो, लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरलेली असेल तिथे सुटून हातात येतो. माझी १९६८ची फियाट ११०० डी मी घेतली तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. रंग आरशासारखा होता, मी भुललो. घरी आणल्यावर डाव्या मडगार्डचा पोपडा नखाने उचलला, तर बोटभर जाडीची लांबी खपलीसारखी निघून आली आणि तिच्यामागे वर्तमानपत्राचा बोळा! गंजाने पडलेल्या भोकात कागद कोंबून वर लांबी थापली होती. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण गाडीची फार दया आली.

जीपला खाली चासी, म्हणजे भार पेलणारा लोखंडी सांगाडा असतो, बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. फियाटला अशी वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच पेलते. दरवाजांखालची पत्र्याची पेटी गंजली की गाडी मधोमध खचते, दरवाजे लागेनासे होतात. ती पेटी तशीच कापली तर गाडी वाकडी होणार. म्हणून आमच्या डेंटरचाचांनी, म्हणजे पत्राकाम करणाऱ्या कारागिरांनी, आधी दरवाजांच्या चौकटीत लोखंडी अँगल तिरपे वेल्ड केले. मग पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावरून नवा पत्रा आखला आणि वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोडीने ठोकत त्याला गोलाई आणली. मधूनमधून डोळे मिटून ते पत्र्यावरून तळवा फिरवायचे. मला जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे खडूने गोल करायचे. या एका कामाला महिना गेला, आणि मी तो कधीच वाया गेला म्हणणार नाही.

इंजिनाने त्या मानाने फार छळलं नाही. १०८९ सीसीचं साधं, सरळ इंजिन. सिलिंडर बोअर केले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्बुरेटर उघडून धुतला, डेल्कोचे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट नवे टाकले.

ही गाडी आपल्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिथे ती बनवली. आधीची डुक्कर फियाट तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. नंतर पद्मिनी आली आणि मुंबईची टॅक्सी झाली. त्या टॅक्सींतली शेवटची २००३च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली.

अमेरिकेत हॉट रॉडवाले १९३२ची फोर्ड घेतात, छत कापून बुटकं करतात, दणकट इंजिन बसवतात. ती कारागिरी मला मनापासून आवडते. आपल्याकडे कायदा तसं करू देत नाही. शिवाय २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज गाड्यांसाठीच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर हवा असेल, तर ती मूळ रूपातच लागते. मला हे बंधन वाटत नाही. कुर्ल्यातून ती जशी बाहेर पडली, तशीच मला ती हवी होती.

पहिल्यांदा गावातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेली, तेव्हा शेजारी मोठमोठ्या परदेशी गाड्या उभ्या होत्या. गर्दी मात्र फियाटभोवती. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी हिच्यातून लग्नाला गेलेलं, कुणाला बाळंतपणाला नेलेलं. एक म्हातारे गृहस्थ काहीच बोलत नव्हते. बॉनेटपाशी कान देऊन उभे होते. मग म्हणाले, “तीन नंबरचा टॅपेट वाजतोय.” टॅपेट म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा भाग. तीस वर्षं टॅक्सी चालवली होती त्यांनी. मी म्हटलं, “काका, बघाल का?”

“गार इंजिनावर बघायला लागतं. उद्या सकाळी येतो.”

सात वाजता आले. टॅपेटची फट मोजायचा, रुमालात गुंडाळलेला स्वतःचा फिलर गेज घेऊन.