पाच मिनिटांचा ठेका

(वडगाव, बेळगाव. मागाचा आवाज.)

धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो. क्षणभर थांबतो. तेवढ्यात उभे धागे वर-खाली होतात आणि मगच धोटा परत फिरतो. ती उसंत मिळाली नाही, तर कापड विणलंच जाणार नाही.

मावशी नुकत्याच चहा पिऊन मागावर आल्यात. चहाबरोबर घासभर कुंदा. समोर आलेल्या कुंद्याला बेळगावात नाही कसं म्हणायचं? आता ती साखर रक्तात उतरतेय.

जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड. त्यात पेशींची सुमारे दहा लाख बेटं विखुरलेली आहेत. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९ साली त्यांचं वर्णन केलं, पण ती काय करतात हे त्याला उमगलं नव्हतं.

या बेटांतली बीटा पेशी साखर जाळते. ऊर्जा वाढली की तिच्या भिंतीतली पोटॅशियमची दारं मिटतात, विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या बारीक पुड्या बाहेर फुटतात. मग कॅल्शियम ओसरतं. पेशी थांबते. साधारण पाच मिनिटांनी पुन्हा तेच. शेजारच्या पेशी सूक्ष्म नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून अख्खं बेट एका ठेक्यात चालतं.

मला सगळ्यात थक्क करतं ते हे थांबणं. इन्सुलिनची प्रत्येक लाट आधी थेट यकृताकडे जाते. निम्म्याच्या आसपास इन्सुलिन तिथंच खर्ची पडतं. आणि यकृत सलग धारेपेक्षा या लाटांना जास्त चांगली दाद देतं.

टाइप २ मधुमेहात हा ठेका फार लवकर बिघडतो. रुग्णांच्या ज्या जवळच्या नातेवाइकांना अजून मधुमेह झालेला नाही, त्यांच्यातही तो विस्कटलेला आढळला आहे. बोटाला सुई टोचून साखर कळते, ठेका कळत नाही. तो पाहायचा तर मिनिटा-मिनिटाला रक्त घ्यावं लागतं.

(माग थांबतो.)

धागा तुटला. मावशी वाकून दोन टोकं शोधतात, बोटांनी पीळ देऊन सांधतात, माग परत सुरू करतात.

एवढ्यात त्यांच्या पोटात एक लाट येऊन गेली.