रिकाम्या फडक्याचे वजन

(नव्या पिकाच्या उपकारस्तुतीनिमित्त धुळे येथे झालेल्या मेळाव्यातील व्याख्यान, लेखनासाठी थोडे संस्कारित करून.)

बंधुभगिनींनो,

आज सकाळच्या उपासनेत आपण वेदीपुढे ज्वारीची कणसे ठेवली, बाजरी ठेवली, केळीचा एक घड ठेवला आणि एका टोपलीत फुटलेली कापसाची बोंडे ठेवली. पाळकसाहेबांनी त्या पिकावर आशीर्वाद मागितला आणि आपण सर्वांनी उभे राहून देवाचे उपकार मानले. माझी नजर मात्र त्या कापसाच्या टोपलीवरून हलत नव्हती, कारण वेदीपर्यंत येण्याआधी प्रत्येक शेतातला कापूस एका काट्यावरून जातो आणि त्या काट्यावर काय घडले हे वेदीपुढे कोणी विचारत नाही. मला आज त्या काट्याविषयी बोलायचे आहे.

ख्रिस्ती जीवन म्हटले की आपल्यापुढे प्रार्थना, शास्त्रवाचन, रविवारची उपासना, दशांश आणि प्रभुभोजन या गोष्टी उभ्या राहतात. त्यांचे मोल कमी करण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. माझा स्वतःचा दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू होतो आणि तिच्याशिवाय मला चैन पडत नाही. परंतु आपल्या गल्लीत, आपल्या शिवारात जी माणसे राहतात, त्यांच्यातली बहुतेक माणसे आपल्या मंदिराची पायरी कधी चढणार नाहीत आणि आपले उपदेशही कधी ऐकणार नाहीत. त्यांना आपला प्रभू कळायचा असेल तर तो आपण दिलेल्या मजुरीतून, पाळलेल्या शब्दातून आणि धरलेल्या काट्यातूनच कळणार आहे.

बायबलच्या जुन्या करारातले लेवीय हे पुस्तक आपण फारसे उघडत नाही. त्याच्या १९ व्या अध्यायात 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा आहे, जी पुढे प्रभू येशूने सर्वांत मोठ्या आज्ञांमध्ये गणली. ही ओळ आपल्याला पाठ आहे, पण तिच्या आगेमागे काय लिहिले आहे तेही एकदा पाहावे. त्याच अध्यायात म्हटले आहे की शेताच्या कडेचे पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. आणि अध्याय संपता संपता, तुमची तराजू खरी असू द्या, वजने खरी असू द्या, मापे खरी असू द्या. प्रीतीची आज्ञा अशी मजुरी आणि तराजू यांच्या मधोमध बसवलेली आहे, आणि ज्याने ती तिथे बसवली त्याला शेती, बाजार आणि माणसाचे मन या तिन्ही गोष्टी नीट ठाऊक होत्या, असे मला वाटते.

ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात आमोस नावाचा एक संदेष्टा होऊन गेला. तो तकोवा गावचा, गुरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस होता. त्या देशाचा उंबर आपल्या नदीकाठच्या उंबराचा जवळचा भाऊबंद आहे, म्हणून आमोस मला नेहमी आपल्याच शिवारातला माणूस वाटतो. त्याने धान्याच्या व्यापाऱ्यांवर जो आरोप ठेवला तो आपण लक्षपूर्वक ऐकला पाहिजे. हे व्यापारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, मोडत नव्हते. त्या दिवशी ते दुकान बंद ठेवत होते, सण पाळत होते. मात्र शब्बाथ कधी संपतो आणि आपण धान्याची कोठारे कधी उघडतो, माप लहान करून, मोबदला वाढवून, गव्हाच्या जागी भुसा कधी विकतो, याची ते मनातल्या मनात वाट पाहत होते. उपासना चालू असताना त्यांचे मन काट्यावर होते. आमोस हे सांगतो तेव्हा त्याच्या शब्दांत राग आहे, आणि तो राग देवाचा आहे अशी आपली श्रद्धा आहे.

खानदेशाला हा विषय नवा नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या भागातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. भाव वाढला तशी भेसळही वाढली. कापसात सरकी, माती मिसळणे, वजन वाढवण्यासाठी पाणी मारणे असे प्रकार इतके बोकाळले की मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आजही वजनमापांचा कायदा आहे, काट्यांची तपासणी होते, त्यावर सरकारी शिक्का मारला जातो. हे सगळे आवश्यकच आहे. तरीही शिक्का काट्यावर बसतो, आणि काटा वाचून वहीत आकडा लिहिणारा माणूस त्या शिक्क्याच्या बाहेर राहतो.

आता मी स्वतःविषयी बोलतो, कारण दुसऱ्यांच्या काट्याविषयी बोलणे सोपे असते.

माझे वडील सालदार होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचे आणि पुढच्या आखाजीपर्यंत ते दुसऱ्याच्या शेतात राबायचे. मालकाच्या वहीत त्यांच्या नावावर कधी काय मांडले जायचे हे त्यांना वाचता येत नव्हते. आजारपणाचे दिवस कापले जात, मोडलेल्या औताचे पैसे कापले जात, आणि आखाजीला हिशेब झाला की घरी येताना त्यांच्या हातात जे असे, ते पाहून आई काही न बोलता चुलीकडे वळायची. मी शाळेत गेलो याचे एक कारण ती वही होते. पुढे मी शिक्षक झालो, निवृत्तीच्या आधी शिंदखेडा तालुक्यात थोडी जमीन घेतली, कपाशी लावली आणि ज्या वहीमुळे मी शिकलो, तशीच एक वही माझ्या हातात आली.

आमच्याकडे वेचणीची मजुरी किलोवर देतात. दिवसभर बायका वेचतात आणि संध्याकाळी बांधावर काटा लागतो. आमच्या बांधावर एक निंब आहे, त्याच्या फांदीला मी काटा टांगायचो. बायका फडक्यात बांधलेली गाठोडी एकेक करून आकड्याला अडकवत, मी वजन वाचायचो आणि वहीत लिहायचो. गाठोड्याचे फडके आणि सकाळच्या कापसातले दव यापोटी प्रत्येक गाठोड्यामागे मी दोन किलो वजा करायचो. हे मी कोणाला विचारून ठरवले नव्हते. आजूबाजूचे शेतकरी करत होते, म्हणून मीही करत होतो, आणि खरे सांगायचे तर मला त्यात कधी काही खटकले नाही. त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी कुटुंबप्रार्थना चालवायचो.

तीन हंगाम असे गेले. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस एका संध्याकाळी वेचणाऱ्यांतल्या एका वयस्कर बाईने स्वतःचे गाठोडे सोडले, कापूस ढिगावर ओतला, फडके झटकले, त्याची घडी केली आणि ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "गुरुजी, नुसतं फडकं मोजी दखा," म्हणजे नुसते फडके मोजून बघा. तिच्या आवाजात भांडण नव्हते. मी ते फडके आकड्याला अडकवले. काट्याची सुई थरथरली आणि अर्ध्या किलोच्याही अलीकडे थांबली. दव म्हणावे तर दुपारच्या उन्हात कापूस केव्हाच सुकलेला होता. बाकीच्या आठ बायका उभ्या होत्या. कोणी हसले नाही, कोणी बोलले नाही. मला माझ्या वडिलांचा आखाजीचा चेहरा आठवला आणि मी वही मिटली.

त्या रात्री मी प्रार्थनेला बसलो, पण शब्द सुचेनात. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितले आहे की वेदीजवळ अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा. मी हे वचन अनेकदा शिकवले होते. भावाच्या जागी कापूस वेचणारी बाई ठेवून मात्र ते मी कधी वाचले नव्हते.

मग मी जक्कयाकडे वळलो. लूक १९ मधली ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेतल्या मुलांना सांगतो: बुटका जक्कय उंबरावर चढला आणि येशू त्याच्या घरी गेला. मुलांना झाड आवडते म्हणून आपण झाडापाशीच थांबतो. पण जक्कय यरीहोतला मुख्य जकातदार होता, आणि येशू घरी आल्यावर तो उभा राहून जे बोलतो तो एक हिशेब आहे: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत. ही चौपट कुठून आली? मोशेच्या नियमशास्त्रात असे होते की ज्याने आपला अपराध आपणहून कबूल केला त्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश भरून द्यावा. आणि ज्याने मेंढरू चोरून कापले किंवा विकले, त्याने एका मेंढरापोटी चार द्यावीत. जक्कयाने कबुलीजबाब आपणहून दिला होता, त्यामुळे पंचमांशाची सवलत मागण्याचा त्याला हक्क होता. त्याने ती मागितली नाही आणि स्वतःला चोराचा दंड लावून घेतला. 'आज या घराला तारण झाले आहे' हे प्रभूचे शब्द त्या हिशेबानंतर येतात. तारण पैशाने विकत मिळते असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. प्रभू त्याच्या घरी हिशेबाच्या आधीच गेला होता, न बोलावता गेला होता. पण कृपा घरात आली की वही उघडते, हे मी त्या रात्री शिकलो.

मी वही उघडली. हंगामात एक बाई साधारण वीस दिवस वेचायला यायची. गाठोड्यामागे दीड किलो मी जास्त कापला होता, म्हणजे हंगामाला तीस किलो, आणि किलोला दहा रुपये या भावाने तीनशे रुपये. एका दिवसात एक बाई जेवढा कापूस वेचते तेवढाच हा कापूस होता. दर वर्षी प्रत्येक बाईने एक पूर्ण दिवस माझ्या शेतात फुकट काम केले होते आणि तो दिवस मी वहीतून पुसला होता. तीन हंगामांचे नऊशे रुपये, वर पंचमांश एकशे ऐंशी. नऊ बायकांचे मिळून ९,७२० रुपये झाले. जक्कयाची चौपट देण्याइतके मन मला त्या दिवशी झाले नाही, हेही मी आपल्यापुढे कबूल करतो. मी नियमशास्त्राच्या पंचमांशावर थांबलो.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेलो. पैसे देण्यापेक्षा ते कशाचे आहेत हे सांगणे मला जड गेले. एका घरी नवऱ्याने विचारले की आता कशाला देता, पुढच्या हंगामाला माणसे मिळत नाहीत म्हणून का? त्याचा प्रश्न रास्त होता आणि मी त्याला काही पटवून देऊ शकलो नाही. फडके पुढे करणाऱ्या त्या बाईने नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि मला चहा दिला.

आपल्यापैकी सगळेच शेतकरी नाहीत. कोणी तलाठी कार्यालयात आहेत, कोणी रेशन दुकान चालवतात, कोणी दवाखान्यात, कोणी शाळेत आहेत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढेच सांगितले. शिपायांना सांगितले की कोणाकडून जबरीने काही घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. म्हणजे ज्याच्या हातात जो काटा आहे त्याने तो सरळ धरावा. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्रार्थना शिकवली आणि त्याच मुलींना शेती, विणकाम आणि छापखान्याचे कामही शिकवले. हाताचे काम त्यांनी भक्तीपासून वेगळे काढले नाही. शिक्षक असताना मी तासाला उशिरा गेलो असेन, तर तोही मुलांच्या मापातला कापलेला भाग होता.

शब्दांचेही वजन असते. आपल्या सभांमध्ये साक्ष देताना घटना फुगवून सांगण्याची सवय काहींना लागली आहे. थोडा ताप गेला तर मरणातून उठलो असे सांगितले जाते. देवाच्या गौरवासाठी सांगितलेले खोटे हे खोटेच असते, आणि 'तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही एवढेच असावे' ही आज्ञा साक्षीच्या व्यासपीठावरही लागू आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

लूकाच्या शुभवर्तमानात प्रभू मापाविषयी बोलतो तेव्हा ते दाबून, हालवून, शिगेस भरून पदरात घातलेले माप असते. खळ्यावर पायली भरताना जी शीग धरली जाते ती आपल्या आजींना ठाऊक होती; सपाट पायली देणाऱ्याला गाव नाव ठेवायचे. आमच्या निंबाखाली आता काटा लागतो तेव्हा आधी रिकामे फडके टांगतात आणि वजन बायकांपैकी एकजण वाचते. मी फक्त लिहितो.

नऊ बायकांपैकी एक माझ्या हाती लागली नाही. त्या वर्षी तिचे कुटुंब मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातमध्ये गेले ते अजून गावी परतलेले नाही. कोणी म्हणतात, यंदा होळीला येतील. तिचे एक हजार ऐंशी रुपये पाकिटात घालून मी कपाटात शास्त्राच्या शेजारी ठेवले आहेत, आणि पाकिटावर तिचे नाव लिहिले आहे. होळीच्या आदल्या दिवशी मी तिच्या वस्तीवर जाणार आहे.