शाडूच्या मातीतले दोन खळगे

हा शाडूचा गोळा लालबागच्या एका गणपती कारखान्यातून मागून आणलाय. पाणी जरा जास्त झालं, म्हणून अकरावीच्या वर्गात सर तो पुन्हा मळतायत.

आता हात बघा. एकात काचेची गोटी, दुसऱ्यात तेवढ्याच आकाराचा बेअरिंगचा छर्रा, गोटीच्या साधारण तिप्पट जड. छर्रा सुटतो अर्ध्या मीटरवरून. गोटी दीड मीटरवरून. त्यासाठी स्टुलावर चढावं लागलं. मातीत दोन खळगे. काडी दोन्हींत जवळपास सारखीच बुडते.

वजन तिप्पट, उंची तिसरा हिस्सा, गुणाकार तोच. आणि पडताना उंची तिप्पट झाली, की वेगाचा वर्ग तिप्पट होतो. अठराव्या शतकात हॉलंडमध्ये विलेम स् ग्रावेसांडनं असेच पितळी गोळे मऊ मातीत टाकले होते. फ्रान्सच्या एमिली द्यु शातले यांनी 1740 च्या आपल्या ग्रंथात त्याच प्रयोगांच्या बळावर ठासून मांडलं, की हलत्या वस्तूच्या जोराचा हिशेब वस्तुमान आणि वेगाच्या वर्गानं करायचा.

नववीत हीच 'गतिज ऊर्जा' म्हणून भेटते. अकरावीत प्रक्षेप्य गती येते तोवर माध्यम बदललेलं असतं, ती कायनेटिक एनर्जी झालेली असते आणि साइन-कॉसच्या गर्दीत कुणाला आठवत नाही.

फळ्यावर चाळीची गॅलरी. उंची 10 मीटर. चेंडू सेकंदाला 10 मीटर वेगानं सुटला. वर फेका, आडवा फेका, नाहीतर सरळ खाली. खाली पोचताना वेग किती? 10 चा वर्ग 100, त्यात 2 गुणिले गुरुत्वाचं त्वरण 10 गुणिले उंची 10 मिळवा. 300. वर्गमूळ 17.3. तिन्ही वेळा तेच! कोन कुठे आलाच नाही, वस्तुमान तर पहिल्या ओळीतच कटलं. हवेचा अडथळा सर धरत नाहीत. अकरावीत कोण धरतं?

दुसऱ्या गणितात खडू अडतो. वेग 20, कोन 60 अंश, किती उंच जाईल? मागून उत्तर येतं, 20 मीटर. माथ्यावर वेग शून्य धरला ना! शून्य होतो तो फक्त उभा वेग. आडवा, 20 चा निम्मा, तसाच राहतो. वेगाच्या वर्गांत 400 मधून 100 गेले, उरलेल्या 300 ला 2 गुणिले 10, म्हणजे 20 नं भागा. 15 मीटर.

किती वेळात पडेल, कुठे पडेल, याला गतीची जुनी समीकरणंच लागतात.

खालून हाक येते, "ताई, बॉल!" तिसऱ्या मजल्यावरची मुलगी चेंडू उचलते, कठड्याशी क्षणभर थांबते, आणि खाली न टाकता वर फेकते.